मागच्या सीटवर चाळीस वर्षं

आजवर मी चारशेच्या वर गाड्यांत मागच्या सीटवर बसले, आणि त्यातली एकही आमची नव्हती. आमचे हे मेकॅनिक. घरामागे पत्र्याची शेड, तेच गॅरेज. काम सगळंच करायचे, पण लोक लांबून यायचे ते ब्रेकसाठी. ब्रेकचं काम झालं की गाडी मालकाच्या ताब्यात जायच्या आधी हे स्वतः ती उतारावरून चालवणार, आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला मी. हा त्यांचा नियम. मला ताप असो, गॅसवर दूध असो, हाताला पीठ असो, शेडमधून हाक यायची, "अगं, बस." मी गॅस बंद करायचे, हात पुसायचे आणि जाऊन बसायचे.

ह्यांचं बोलणं अगदी मोजकं. दिवसभरात वीस वाक्यं, त्यातली दहा नटबोल्टांशी. एक वाक्य मात्र रोज माझ्या वाट्याला ठरलेलं, "चहा गार झाला." अहो, होणारच ना! कप ठेवून तासभर गाडीखाली आडवे पडलात तर चहा काय तुमची वाट बघत उकळत राहील? पण नाही, परत पाठवायचे. चाळीस वर्षं मी तोच चहा दोनदा गरम करतेय. माझं तोंड पहिल्यापासून चालू, म्हणून या घरात कधी शांतता पडली नाही, एवढंच.

काम करताना मात्र बघत राहावं. चाक उतरवलं की जुने पॅड वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचे. डाव्या चाकाचे डावीकडे, उजव्याचे उजवीकडे, आतला आत, बाहेरचा बाहेर. प्रत्येकावर खडूची खूण. मग स्टुलावर बसून नुसते बघत राहायचे. पॅडच्या झिजेवरून माणूस ओळखायचे. "हा उतारावर गिअर टाकत नाही, सगळा भार ब्रेकवर." नाहीतर, "ही गाडी हँडब्रेक न सोडता कुणीतरी चालवलीय." मग गाडीची मालकीण नवऱ्याकडे बघायची आणि नवरा छताकडे. आम्ही दोघं हसू दाबायचो.

आमच्या फाटकासमोरच मोठा उतार संपतो. हे वरून वळसा घालून गाडी आणायचे, उतारावर चारपाच वेळा ब्रेक मारायचे आणि थेट फाटकाशी थांबायचे. मग खाली उतरून एकेका चाकाशी वाकायचे. चाकाच्या फटींतून उजव्या हाताची बोटं आत घालायची, आणि त्यांची मागची बाजू डिस्कजवळ धरायची. डिस्क म्हणजे आतली ती लोखंडी थाळी, तिला दोन्हीकडून पॅड आवळतात. बोटं टेकवायची नाहीत, नुसती जवळ धरायची. पुढची दोन चाकं एकमेकांसारखी गरम, मागची दोन एकमेकांसारखी, म्हणजे काम नीट झालं. एखादं जास्त तापलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. "हात खोटं बोलत नाही," असं म्हणायचे. त्या वीस वाक्यांतलं हे एक.

आता मी मागे का, ते सांगते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एकदा तीन दिवस हे धड जेवले नाहीत, बोलले नाहीत. मला वाटलं, सासूबाईंनी माझ्याविरुद्ध कान भरले. चौथ्या दिवशी दुपारी आले आणि म्हणाले, "चल, गाडीत बस." मला काय वाटलं असेल! वाटलं, विरघळला बाबा, फिरायला नेतोय. मी चांगले कपडे घातले, पावडर लावली. मागे बसायला सांगितलं तेव्हा जरा खटकलं, पण म्हटलं, असेल यांची काहीतरी रीत. उतारावरून खाली आलो, ह्यांनी चाकांना हात दाखवला, म्हणाले, "उतर." संपली सहल. अशा सहा-सात सहली झाल्यावर मी पावडर लावायची सोडली.

खरं काय ते मला चार वर्षांनी कळलं, तेही बेकरीवाल्याच्या बायकोकडून. ह्यांनी तेव्हा बेकरीवाल्याच्या गाडीचे मागचे पॅड बदलले होते. नवा पॅड जाड असतो, त्यामुळे तो बसवायचा तर त्याला दाबणारा पिस्टन आधी मागे सारावा लागतो. पुढच्या चाकांना तो शिकंज्यानं, म्हणजे आवळायच्या लोखंडी पकडीनं, सरळ दाबला तरी चालतं. त्या गाडीच्या मागच्या चाकांना चालत नव्हतं. तिथे हँडब्रेकचा पेच पिस्टनच्या पोटातच असतो, म्हणून तो फिरवत फिरवतच आत घालायचा. ह्यांना माहीत नव्हतं. शिकंजा लावला आणि जोर करून दाबला. पॅड बसले, ब्रेकही लागला. पोटातला पेच मोडलाय हे बाहेरून कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवशी पहाटे बेकरीवाल्यानं गाडी दुकानासमोरच्या चढावर हँडब्रेकवर उभी केली आणि मागे जाऊन पावाचे ट्रे उतरवायला लागला. गाडी सरकली. त्याचा पाय गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडला.

हे त्याला भेटायला दवाखान्यात गेले. तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "या गाडीत तुझ्या बायकोला बसवलं असतंस का रे?"

हे परत आले, आणि मला बसवायला लागले.

मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "म्हणजे मी काय तुमच्या तपासणीचं वजन? पोतं ठेवा की मागे!" हे खाली मान घालून पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "पोतं असलं तर माझ्याकडून घाई होईल." मी दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी हाक आली तशी जाऊन बसले. बेकरीवाला आजही काठी टेकत चालतो. अपघातानंतर तीन वर्षांनी त्यानं दुसरी गाडी घेतली, आणि ती घेऊन आमच्याच फाटकाशी आला. मला कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर बसलेलं त्यानं बघितलं, चावी ह्यांच्या हातात दिली आणि गेला. तेव्हापासून त्याची गाडी दुसरीकडे गेली नाही.

मागे बसून बसून माझे कान आणि नाक तयार झाले. पॅड घासतोय की दगड अडकलाय, मला आवाजावरून कळतं. सुटत नसलेल्या ब्रेकचा वास तर मी झोपेतही ओळखेन. केस जळल्यासारखा, तिखट.

ह्यांना साखरेचा त्रास जुना. दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की हे उकळत्या चहाचा स्टीलचा पेला तळहातात घट्ट धरून बसलेत. मला तो पदरानंही धरवला नसता. मग नट हातातून पडायला लागले. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हाताच्या नसा बधिर होतायत. हे म्हणाले, "थंडीमुळे असेल." मे महिन्यात थंडी! मी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मिटलं असेल. कारण मला माहीत होतं, तुमच्या हाताला आता गरम कळत नाही म्हणून सांगितलं तर हे त्याच दिवशी शेड बंद करतील, आणि मग स्टुलावर बसून कशाकडे बघतील?

म्हणून मी दुसरंच करायला लागले. उताराखाली हे चाकांना हात दाखवून नळावर हात धुवायला गेले की मी हळूच वाकायचे आणि माझा हात धरून बघायचे. ह्यांच्या पाठीमागे, वर्षभर. अकरा गाड्या. अकराही ठीक निघाल्या. मी देवाचे आभार मानायचे आणि पदराला हात पुसायचे.

बारावी गाडी आमच्या लेकीची.

गाडी अठरा वर्षं जुनी. लेकीची बदली घाटापलीकडे झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि आमची पाच वर्षांची नात, दोघीच, सामान घालून घाट उतरणार होत्या. आमच्याकडे आली ती एवढंच सांगत, "बाबा, मागचं डावं चाक तापतं, आणि गाडी ओढल्यासारखी वाटते."

ह्यांनी चाक उतरवलं. पॅड कागदावर मांडले. बाहेरचा अर्धा शिल्लक, आतला पार लोखंडापर्यंत गेलेला. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा तो लोखंडी चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या. "पिना अडकल्या," हे म्हणाले. घासल्या, ग्रीस लावलं, चिमटा बोटानं सरकवून बघितला. मग पिस्टन फिरवत फिरवत आत घालायला घेतला. मी चहा घेऊन गेले तेव्हा ह्यांच्या कपाळावर घाम होता. पाना फिरत नव्हता. एक वेढा, थांबायचे, आणखी एक वेढा.

"जड जातंय का?" मी विचारलं.

"हातात जोर राहिला नाही," म्हणाले. एवढं ह्यांनी आपणहून कधी कबूल केलं नव्हतं. मी चहा ठेवून आत आले.

दोन्ही मागच्या चाकांना नवे पॅड बसले. चाकं हातानं फिरवून बघितली, छान फिरली. "अगं, बस." मी बसले. वळसा घातला, उतार लागला. पहिला ब्रेक, दुसरा, तिसरा. गाडी झकास थांबत होती. चौथ्या वेळी मला वास आला.

म्हटलं, नवे पॅड आहेत, नव्यांना थोडा वास येतोच. पण नव्या पॅडचा वास चारी बाजूंनी येतो. हा माझ्या खालूनच येत होता, डावीकडून.

फाटकाशी लेक चावीसाठी हात पुढे करून उभी होती. तिला सामान बांधायचं होतं. नात तर दार उघडायला धावली. हे उतरले, उजव्या चाकाशी वाकले, डाव्या चाकाशी वाकले. फटीतून बोटं आत घातली. आणि मी बघितलं, बोटं डिस्कच्या जवळ नव्हती, डिस्कला टेकलेली होती. हे तसेच शांत वाकलेले.

"कोमट आहे," म्हणाले. "ने गाडी." आणि चावी लेकीच्या हातावर ठेवली.

नळावर जायची वाट बघायला वेळ नव्हता. हे जातील, मी बघेन, काहीतरी कारण काढेन, हे सगळं नेहमीचं. पण लेक गाडीत बसत होती आणि नात मागे, माझ्याच जागेवर.

"चावी दे," मी म्हटलं.

"का गं आई?"

"दे म्हणते ना!" मी चावी ओढून घेतली. हे चिडले. "काय झालं? मी बघितलंय."

"वास येतोय."

"नव्या पॅडचा असेल. हात लावून बघितलाय मी."

नातीच्या गळ्यात पाण्याची बाटली होती. मी ती घेतली, झाकण उघडलं, आणि डाव्या चाकाच्या फटीतून पाणी शिंपडलं. चर्रर्र आवाज झाला आणि वाफ उठली.

"अगं, वेडी आहेस का!" हे ओरडले. "तापलेल्या डिस्कवर पाणी टाकतात का! वाकेल ना ती!"

बोलून गेले, आणि तिथेच थांबले. वाफेकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे. बोटांची मागची बाजू पांढरी पडली होती. आमच्या डोळ्यांदेखत तिथे फोड उठत होता, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची एक रेषही नव्हती. मला तेच सहन झालं नाही. भाजलं म्हणून ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी त्यांचा हात नळाखाली धरला. लेक मागे येऊन उभी राहिली. "आई, तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं. वर्षभर मीच मागून हात लावून बघतेय."

हे पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही काम सोडलं असतंत."

"सोडायलाच हवं होतं," हे म्हणाले. "ती निघाली असती. पोरीला घेऊन." चूक ह्यांची नव्हती, माझी होती, आणि ती मी आजही माझीच म्हणते.

पण ह्यांचं डोकं काही बधिर झालेलं नव्हतं. हाताला पट्टी बांधली, आणि हे स्टुलावर जाऊन बसले. जरा वेळानं म्हणाले, "पिस्टन जड जात होता, तो माझा जोर गेला म्हणून नाही. पिस्टनमागच्या ब्रेकच्या तेलाला परत जायला वाट नव्हती." मग लेकीला हाताशी घेतलं. डावं चाक वर उचललं. फिरेना. कॅलिपरवर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, तो लेकीला अर्धा वेढा सैल करायला सांगितला. तेलाची बारीक चिळकांडी उडाली, आणि चाक सुटलं, फिरायला लागलं.

"तेल आत कोंडलेलं होतं," हे म्हणाले. स्क्रू बंद करून लेकीला पुन्हा ब्रेक दाबून सोडायला लावला. चाक परत जाम. या वेळी कॅलिपरला तेल नेणाऱ्या रबरी नळीचं वरचं टोक, जिथे ती लोखंडी पाइपला जुळते, ते सैल करायला लावलं. चाक जामच राहिलं. "म्हणजे पाइप चांगला आहे. नळी आतून बुजलीय. जोरानं दाबलं की तेल जातं, पण परत येत नाही. अठरा वर्षांचं रबर आहे."

लेक स्पेअरच्या दुकानातून दोन नळ्या घेऊन आली. हे सांगत होते, ती पाना फिरवत होती. "मोडेल," "हळू," "आता घट्ट." हवा काढली, तेल भरलं. पॅड पुन्हा उतरवून बघितले, ते वाचले होते. डिस्कही वाकली नव्हती. माझं नशीब, नाहीतर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

ऊन कलायला लागलं होतं. मी सवयीनं मागचं दार उघडलं. ह्यांनी ते माझ्या हातातून घेतलं.

"ही चालवेल. मागे मी बसतो," म्हणाले. "तू फाटकाशी थांब. हात तू लावायचास."

मी नातीला कडेवर घेऊन उभी राहिले. गाडी उताराच्या टोकावर दिसली. मागच्या काचेत ह्यांचा चेहरा, एवढासा. ब्रेक लागताना गाडी पुढे झुकायची तसे ते पुढच्या सीटला पट्टीच्या हातानं धरायचे. चाळीस वर्षांत मी त्या उतारावरून गाडी येताना बाहेरून कधी बघितलीच नव्हती. केवढा उतार आहे तो!

गाडी थांबली. मी वाकले. आधी उजवं, मग डावं. आयुष्यात एवढ्या जबाबदारीनं मी कशालाही हात लावला नसेल. खरं सांगते, मला धाक वाटला. पुन्हा उजव्याकडे जाऊन आले.

"कसं आहे?" ह्यांनी काच खाली करून विचारलं.

"कोमट. दोन्ही सारखी."

"किती कोमट?"

"तुम्ही गार झाला म्हणून परत पाठवता ना, त्या चहाइतकं."

हे हसले नाहीत. मान हलवली. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ने आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. पोचल्या होत्या. "बाबा, घाट उतरल्यावर मी थांबले आणि हात धरून बघितला. दोन्ही सारखी." ह्यांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "मागे बसलं की भीती वाटते गं."

"मग मला काय वाटत होतं चाळीस वर्षं?"

"मला वाटायचं, तुला वाटत नाही."

"वाटायची की. पण गाडीला तुमचा हात लागलेला असायचा." हे म्हणताना मला रडू आलं. ह्यांनी ते बघितलं आणि नजर वळवली.

त्यांनी बेकरीवाल्याला फोन लावला. त्याची गाडी पुढच्या आठवड्यात यायची होती. सगळं सरळ सांगून टाकलं. "माझा हात गेलाय. काल लेकीच्या गाडीत चुकलो होतो, हिनं धरलं. तू गाडी दुसरीकडे ने." पलीकडून तो काहीतरी बोलला. ह्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"तो म्हणतो, वहिनी हात लावणार असतील तर गाडी आणतो. नाहीतर चालत फिरीन, म्हणतो."

हे उठून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चाळीस वर्षं शेडमधून एकच हाक यायची, "अगं, बस." त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांनी मला विचारलं, "बसशील का?"

"बसते," मी म्हटलं. "पण मी नाही म्हटलं तर गाडी फाटकाबाहेर जाणार नाही."

"नाही जाणार," हे म्हणाले, आणि फोन पुन्हा कानाला लावला.